बुडत्या जहाजाचे उंदीर

"मॅडम, जहाज बुडायला लागलं की उंदीर आधी पळतात. इंग्रज उगाच नाही म्हणत!" खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी ऐकवलं. वय ५२, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप दिवाळीनंतर बंद, डोक्यावर कर्ज. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) धंदा बसला की माणसं का तुटतात, माझंच काही चुकलं का, हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात.

त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. दर शनिवारी यांच्या खर्चाने जेवणारी टोळी खरोखरच गायब झाली होती. असतील शितं तर जमतील भुतं. त्या मंडळींची वकिली मी केली नाही.

कीव आली ती उंदरांची. ते राहतात जहाजाच्या तळाशी. पाणी आधी त्यांच्याच बिळात शिरतं, मग वर येणार नाहीत तर काय करतील? तशी ही कल्पना जुनी आणि घरावरूनही सांगितलेली: पडायला आलेल्या घरातून आधीच निघणारे उंदीर इंग्रज लेखक फ्रान्सिस बेकनच्या १६२५ च्या निबंधांत आहेत. आपल्याकडे तर वासेच फिरतात!

मग त्यांना जपानमधला २०१५ चा प्रयोग सांगितला. एक उंदीर पाण्यात, दुसरा पलीकडे कोरड्यात. कोरड्यातला दार उघडून त्याला बाहेर घ्यायला शिकला. आधी स्वतः भिजलेले उंदीर तर हे लवकर शिकले.

ते काही बोलले नाहीत. खिशात फोन थरथरला. त्यांनी बघितलं आणि टेबलावर पालथा ठेवला.

"कोण?"

"आमचा जुना वेल्डर. आठवड्यातून दोनदा करतो. पगार राहिलाय त्याचा थोडा."

"मागितला?"

"उचललाय कुठे मी?"

बोलता बोलता कळलं, या वेल्डरचंही पूर्वी स्वतःचं छोटं दुकान होतं आणि ते बुडालं होतं. कोण सोडून गेलं याचा हिशेब यांना तोंडपाठ होता. आपण कुणाकुणाचे फोन टाळले, तो रकाना कोराच. लाज वाटली की माणूस आधी आपणच दार लावून घेतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

पुढच्या वेळी आले ते जरा चिडूनच. "केला फोन. पगार मागितलाच त्याने!"

"आणि?"

"आणि म्हणाला, शेठ, ग्राइंडर विकला नसेल तर मला भाड्याने द्या. गेटचं काम मिळालंय. मापं घ्यायला तुम्ही चला."




"गेलात?"

"उद्या सकाळी जायचंय. टेप सापडत नाहीये."