क्वेट्ट्याच्या सामन्यातला दुसरा गोल: मुहम्मद ईसा

प्रश्न चांगला आहे, आणि त्याला दोन ओळींत उत्तर देऊन चालणार नाही. तुम्ही म्हणता, सुनील छेत्रीच्या पदार्पणाच्या सामन्याची माहिती शोधताना ‘पाकिस्तान 1, भारत 1’ असा निकाल दिसला आणि पाकिस्तानच्या गोलापुढे मुहम्मद ईसा हे नाव होतं. हा ईसा कोण, त्याचं पुढे काय झालं, आणि एकाच सामन्यात गोल केलेल्या दोघांपैकी एक नव्वद आंतरराष्ट्रीय गोलांच्या पुढे गेला तर दुसरा 11 वर का थांबला, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी तो सामना. 12 जून 2005, क्वेट्टा, अयूब स्टेडियम. भारताचा संघ तीन सामन्यांसाठी पाकिस्तानात गेला होता. छेत्री 20 वर्षांचा, भारताच्या मुख्य संघाकडून पहिलाच सामना. त्याने उत्तरार्धात गोल केला आणि भारत पुढे गेला. सामना संपत आला असताना ईसाने बरोबरी साधली. चारच दिवसांनी पेशावरला भारताने 1-0 असा विजय मिळवला आणि 18 जूनला लाहोरमध्ये पाकिस्तानने 3-0 अशी परतफेड केली. लाहोरच्या त्या तीनपैकी एक गोलही ईसाचाच. म्हणजे मालिका 1-1 अशी सुटली आणि मालिकेभर पाकिस्तानच्या बाजूने सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो हा पोरगा. त्या जूनमध्ये तुम्ही मला विचारलं असतं की या दोघांतला कोण मोठा होणार, तर मी ईसाचं नाव घेतलं असतं. चेंडू पायात आल्यावर क्षणभर थांबण्याची जी सवय चांगल्या फॉरवर्डला लागते, ती त्याला तेव्हाच होती.

तो मूळचा चमनचा. चमन म्हणजे बलुचिस्तानातलं अगदी सरहद्दीवरचं गाव. पलीकडे अफगाणिस्तानातलं स्पिन बोल्दाक, तिथून रस्ता सरळ कंदाहारकडे. क्वेट्ट्याहून चमनला जाणारी रेल्वे खोजक बोगद्यातून जाते. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डोंगर फोडून केलेला हा बोगदा, आणि पाकिस्तानच्या पाच रुपयांच्या जुन्या नोटेवर त्याचं चित्र होतं. वस्ती पश्तून, धंदा सीमेवरच्या मालाचा, आणि पोरांचा खेळ फुटबॉल. बाकी देश क्रिकेटने भारलेला असताना इथे संध्याकाळी मातीच्या टणक मैदानांवर फुटबॉलच चालतो. आमच्या कोल्हापूरकरांना हे लगेच कळेल. पाकिस्तानात फुटबॉलचं गाव म्हटलं की लोक कराचीचं ल्यारी सांगतात, ते खरंच आहे, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गोल करणारे पाय चमनने जास्त दिले असं माझं मत आहे. चमनचा अफगाण क्लब तर राष्ट्रीय लीगमध्ये बड्या सरकारी संघांशी भिडत आला आहे.

आता हे ‘सरकारी संघ’ प्रकरण समजून घेतल्याशिवाय ईसाची कारकीर्द कळणार नाही. तेव्हा पाकिस्तानात वरच्या पातळीवरचे बहुतेक संघ खात्यांचे आणि कंपन्यांचे: वापडा म्हणजे वीज आणि पाणी खातं, लष्कर, नॅशनल बँक, हबीब बँक, पीआयए म्हणजे सरकारी विमान कंपनी, सुई सदर्न गॅस, कराचीची वीज कंपनी. एक संघ तर खान रिसर्च लॅबोरेटरीजचा, म्हणजे कहुट्याच्या अणुप्रयोगशाळेचा. खेळाडू त्या खात्याचा नोकर. महिन्याचा पगार ठरलेला, आणि खेळ संपल्यावर नोकरी टिकेल ही आशा. ईसासुद्धा याच व्यवस्थेत वाढला. मुंबईत कूपरेजवर ज्यांनी जुने सामने पाहिलेत त्यांना हे अनोळखी नाही. एअर इंडिया, मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा स्पोर्ट्स, रेल्वेचे संघ, सगळा तोच कारभार होता. महिंद्रा युनायटेडने 2010 मध्ये दुकान बंद केलं तेव्हा मुंबईतला तो काळ बहुतेक संपला.

या व्यवस्थेने पोटापाण्याची सोय झाली, हे मी कमी लेखत नाही. चमनच्या पोराला गोल मारण्याच्या बळावर पक्की नोकरी मिळणं ही फार मोठी गोष्ट होती. पण फॉरवर्डच्या दृष्टीने यात एक खोट राहते. खात्याच्या संघाला खेळाडू विकायचा नसतो, त्याच्यावर पैसा कमवायचा नसतो, त्याला बाहेर पाठवण्यात कोणाचाच फायदा नसतो. छेत्री मोहन बागानमधून जेसीटीकडे गेला, तिथून पुढे इतर क्लबांत, 2010 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला, 2012 मध्ये पोर्तुगालला स्पोर्टिंगच्या दुसऱ्या संघात. अमेरिकेत आणि पोर्तुगालमध्ये त्याला फारसं खेळायला मिळालं नाही, हे खरं. पण दरवर्षी नवा बचाव, नवा प्रशिक्षक, नवी अपेक्षा यातून तो घडत राहिला. ईसाच्या ऐन भरातल्या वर्षांत त्याला असं धक्के देणारं कोणी नव्हतं.

तरी राष्ट्रीय संघासाठी त्याने जे केलं ते पाहा. 2004 च्या इस्लामाबादच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने अंतिम सामन्यात भारताला 1-0 हरवून सुवर्णपदक घेतलं, तो याच पिढीचा संघ. पुढे ईसा कर्णधार झाला. 11 आंतरराष्ट्रीय गोल, आणि पाकिस्तानच्या खेळाडूंत सगळ्यात वरचं नाव त्याचंच धरलं जातं. एका मोठ्या देशाचा विक्रम 11 वर असावा, हे वाचून तुम्ही थबकला असाल. मीही थबकलो होतो. मग मी सामन्यांच्या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या आणि उत्तर समोर आलं. आकडा लहान आहे कारण सामनेच थोडे. एखाद्या वर्षी दक्षिण आशियाई स्पर्धा, मग विश्वचषक पात्रतेचे दोन सामने, आणि ते हरले की पुन्हा लांब विश्रांती. 2007 मध्ये पात्रता फेरीत समोर इराक आला, तोही त्याच वर्षी आशियाचा विजेता झालेला. लाहोरला 0-7, आणि सहा दिवसांनी दमास्कसमध्ये 0-0. या शेवटच्या निकालाचं मला आजही कौतुक वाटतं. सात गोल खाल्लेला संघ आठवड्याच्या आत आशियाच्या विजेत्याला एकही गोल करू देत नाही, यात काहीतरी दम होता. पण दोन सामने झाले आणि मोहीम संपली. फॉरवर्डने गोल करायचे कुठे?

तुमच्या प्रश्नाचा पुढचा भाग ईसाच्या गावच्याच दुसऱ्या पोरावर येऊन ठेपतो, म्हणून थोडं विषयांतर. कलीमुल्लाह खान. तोही चमनचा, ईसापेक्षा साधारण दहा वर्षांनी लहान. त्याच अणुप्रयोगशाळेच्या संघाकडून त्याने 2012-13 च्या लीगमध्ये 35 गोल केले. 2013 मध्ये तो संघ एएफसी प्रेसिडेंट्स कपच्या, म्हणजे आशियातल्या लहान फुटबॉल देशांच्या क्लबांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तुर्कमेनिस्तानच्या बाल्कन क्लबकडून 0-1 असा हरला. यानंतर ईसाला जे कधी मिळालं नाही ते कलीमुल्लाहला मिळालं. किर्गिझस्तानच्या दोर्दोई बिश्केक क्लबने त्याला घेतलं, आणि पहिल्याच मोसमात तो तिथल्या लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. 2015 मध्ये तो अमेरिकेत सॅक्रामेंटोला गेला, मग टल्साला. तोही पाकिस्तानचा कर्णधार झाला.

ऑगस्ट 2014 मध्ये पाकिस्तानचा संघ बंगळूरला दोन सामन्यांसाठी आला होता. पहिला भारताने 1-0 जिंकला, दुसरा पाकिस्तानने 2-0, आणि त्यात एक गोल कलीमुल्लाहचा. मी तेव्हा ऑफिसात बसून फोनवर गुण बघत होतो आणि नऊ वर्षांपूर्वीचा क्वेट्टा आठवत होता. आता यांचं बस्तान बसणार, असं मनापासून वाटलं होतं.

आणि नेमकं तिथून सगळं थांबलं. मार्च 2015 मध्ये विश्वचषक पात्रतेत येमेनविरुद्ध दोहाला 1-3. परतीचा सामना लाहोरला होणार होता, पण शहरात चर्चवर बॉम्बहल्ले झाले आणि सामना बहरीनला हलवावा लागला. तिथे 0-0. त्याच वर्षी फुटबॉल फेडरेशनची निवडणूक भांडणात सापडली, प्रकरण न्यायालयात गेलं, न्यायालयाने प्रशासक नेमला. लीग बंद पडली ती 2018 पर्यंत. 10 ऑक्टोबर 2017 ला फिफाने बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन निलंबन केलं, ते मार्च 2018 मध्ये उठलं. राष्ट्रीय संघ मार्च 2015 नंतर थेट सप्टेंबर 2018 मध्ये मैदानात उतरला. 2018-19 ची लीग पूर्ण झाली, पण त्यानंतर एप्रिल 2021 मध्ये पुन्हा निलंबन, यावेळी जवळजवळ पंधरा महिन्यांचं. जून 2019 ते नोव्हेंबर 2022 या काळात पाकिस्तानने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. मध्येच 2021 मध्ये सरकारने खात्यांचे संघच बंद करायला सांगितले, म्हणजे ज्या नोकरीवर ही माणसं उभी होती तीही हलली. तो निर्णय पुढच्या वर्षी फिरला.

यातली पहिली साडेतीन वर्षं कलीमुल्लाहच्या बाविसाव्या ते पंचविसाव्या वर्षातली. स्ट्रायकरच्या पायात याच वयात सगळ्यात जास्त गोल असतात. त्याच काळातला छेत्री आठवा. जून 2018, अंधेरीचं मैदान, इंटरकॉन्टिनेंटल कप. ‘आम्हाला शिव्या द्या, पण सामना बघायला या’ अशा अर्थाचं त्याचं आवाहन सगळीकडे फिरलं होतं आणि केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याला मैदान भरलं होतं. आम्ही चौघे जण भर पावसात गेलो होतो. चार सामन्यांत त्याने 8 गोल केले. ईसाच्या आयुष्यभराच्या गोलांपेक्षा फक्त तीन कमी, आणि तेही एका पंधरवड्याच्या आत. त्या पंधरवड्यात पाकिस्तानचा संघ मैदानातही उतरला नव्हता.

आपल्या फेडरेशनचाही कारभार धुतल्या तांदळासारखा नाही. ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने भारतालाही निलंबित केलं होतं, पण ते 11 दिवसांत मिटलं. अकरा दिवसांत कोणाची कारकीर्द जात नाही.

तेव्हा ‘ईसा छेत्री होऊ शकला असता का’ याचं माझं उत्तर: नव्वद गोल नाही. छेत्रीची शिस्त, खाण्यापिण्यापासून झोपेपर्यंत स्वतःला वीस वर्षं जपणं, हे फार थोड्यांना जमतं आणि त्याचं श्रेय हिरावून घेऊ नये. पण सामने मिळाले असते तर ईसाचे 30 ते 35 गोल सहज झाले असते असं मला वाटतं, आणि कलीमुल्लाह त्याच्याही पुढे गेला असता.

तुम्हाला पुढे वाचायचं असेल तर ऑक्टोबर 2023 पासून सुरुवात करा. इस्लामाबादच्या जिन्ना स्टेडियममध्ये पाकिस्तानने कंबोडियाला 1-0 हरवलं, विश्वचषक पात्रतेतला त्यांचा पहिलावहिला विजय. प्रशिक्षक होते स्टीफन कॉन्स्टंटाइन, ज्यांनी भारतालाही दोनदा शिकवलं आहे. गोल हारून हमीदचा, आणि तो इंग्लंडमध्ये वाढलेला. संघात परदेशात वाढलेली अशी बरीच मुलं होती, कारण देशात लीगच नव्हती. त्या संघाची यादी उघडून प्रत्येकाचं जन्मगाव बघा. चमनचं नाव कुठे येतं का, ते मी दर वेळी आधी शोधतो.