सिंकखालचा पाईप वारंवार सैल का होतो?

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरातील स्टीलच्या सिंकखाली पांढरा लवचिक वेस्ट पाईप बसवलेला आहे. गेल्या काही महिन्यांपासून तो वरच्या नटापाशी सैल होतो आणि खालच्या कपाटात पाणी साचते. प्लंबरने एकदा टेफ्लॉन टेप गुंडाळून नट आवळला, दुसऱ्या खेपेस जोडावर एम-सील लावले, तरीही गळती थांबली नाही. रात्री सिंक वापरात नसले तरी सकाळी ट्रॉलीखालचे प्लायवूड ओले असते. आता सिंकच काढून नव्याने बसवावे लागेल, असे प्लंबर म्हणतो. ते खरोखर आवश्यक आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सिंक काढण्याची घाई कृपया करू नये. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची नोंद आपण जाता जाता केली आहे, ती म्हणजे सिंक वापरात नसतानाही खाली पाणी येते. नळ ठिबकत नसेल, तर आपल्याकडे आरओ जलशुद्धीकरण यंत्र आहे का आणि त्याच्या टाकाऊ पाण्याची बारीक नळी कोठे सोडली आहे, हे आधी पाहावे. ही नळी ओट्यावर दिसू नये म्हणून वेस्ट पाईपलाच भोक पाडून त्यात खुपसण्याची पद्धत बरीच रूढ आहे. रात्री पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की यंत्राची टाकी पुन्हा भरेपर्यंत टाकाऊ पाणी वाहत राहते, त्यातले थोडे त्या भोकाच्या कडेने पाझरते आणि दोष मात्र वरच्या नटाच्या माथी येतो. असे भोक सापडल्यास ते बुजवत बसण्याऐवजी पाईप बदलावा आणि बारीक नळी सरळ सिंकमध्ये सोडावी. तेच पाणी बादलीत धरले तर लादी पुसण्याच्या कामी येते.

भोक नसेल, तर गळतीची जागा नेमकी शोधावी लागेल. कपाट रिकामे करून तळाशी वर्तमानपत्र अंथरावे; सिंकचे बूड, कपलिंग (सिंकच्या भोकात बसवलेला जाळीचा भाग, ज्याला खालून पाईप जोडतात), नट आणि पाईप फडक्याने पूर्ण कोरडे करावेत. त्यानंतर जाळीवर रबरी बूच घट्ट बसवून सिंक निम्मे भरावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. बूच लावलेले असतानाच खाली थेंब दिसू लागले, तर पाणी कपलिंग आणि सिंकचा पत्रा यांच्या फटीतून येत आहे. तसे न झाल्यास बूच एकदम काढावे आणि भरल्या सिंकचे पाणी वेगाने उतरत असताना प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवावा. पाणी ओघळून खाली येत असल्यामुळे सर्वांत ओली जागा आणि गळतीची जागा एकच असते असे नाही. कागद सर्वांत वर जेथे भिजतो, तेथे दोष असतो.

टेफ्लॉन टेपचा उपयोग का झाला नाही, हेही समजून घ्यावे. नळाच्या जोडात आट्यांमधली फट बंद झाली की पाणी अडते, म्हणून तेथे टेप लागते. वेस्ट पाईपच्या नटाचे आटे मात्र पाणी अडवत नाहीत; नटाच्या आत असलेला रबरी वॉशर दाबून धरणे एवढेच त्यांचे काम असते. तो वॉशर कडक झाला असेल, दुमडला असेल किंवा पूर्वीच्या दुरुस्तीत हरवला असेल, तर नट कितीही आवळला तरी पाणी वाट काढणारच, उलट टेपच्या जाडीमुळे नट पुरता बसत नाही. एम-सील वाळल्यावर दगडासारखे होते, पाईप तर सतत थोडासा हलतो, त्यामुळे त्यात बारीक भेग पडणे अटळ असते. नवा जोड करताना ते एम-सील पूर्ण खरवडून काढावे लागेल, आणि आटे खराब झालेले दिसल्यास पाईप व वॉशर दोन्ही नवे घेणे श्रेयस्कर आहे.

दुकानात जाताना जुना पाईप व नट सोबत न्यावा. वॉश बेसिनसाठी साधारणपणे ३२ मिलिमीटरचा आणि स्वयंपाकघरातील सिंकसाठी ४० मिलिमीटरचा पाईप वापरतात. दिसायला दोन्ही सारखेच असल्याने अदलाबदल होते आणि मग टेप गुंडाळून जागा भरण्याचे प्रकार सुरू होतात. वॉशर एका बाजूने निमुळता असेल, तर ती बाजू जोडाच्या तोंडाकडे यावी. नट लावताना तो आधी किंचित उलटा फिरवावा. आटे जागेवर आल्याचा हलका ‘टक’ जाणवला की सुलटा फिरवून हाताने घट्ट करावा. त्यानंतरही पाझर राहिलाच, तर पाव फेरा अधिक द्यावा. प्लॅस्टिकच्या नटावर पान्ह्याचा जोर लावू नये, कारण त्याला जाणारा तडा बहुधा मागच्या बाजूला असतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

एवढे करूनही नट महिन्याभरात पुन्हा सैल झाला, तर त्याचे कारण वर नसून खाली आहे, असे माझे मत आहे. लवचिक पाईप आखूड पडला म्हणून ताणून बसवलेला असतो, किंवा त्याचे खालचे टोक जमिनीतील तोंडात नुसतेच खोचून भोवती पांढरे सिमेंट थापलेले असते. पुढे सिंकखालचा कचऱ्याचा डबा आत-बाहेर करताना, कोपऱ्यातले सिलिंडर सरकवताना पाईपला धक्के बसतात, आणि प्रत्येक धक्क्याची ओढ वरच्या नटापर्यंत पोहोचते. खालच्या तोंडात योग्य मापाची रबर रिंग बसवावी, पाईप क्लॅम्पने भिंतीला धरावा आणि त्याची लांबी अशी ठेवावी की तो ताणलाही जाणार नाही आणि मध्ये झोळही येणार नाही. झोळात भाताची शिते व तेलकट गाळ साचतो आणि पाईप जड होऊन ओढ आणखी वाढते. उकळते पाणी किंवा भाताची पेज ओतताना गार पाण्याचा नळ सोबत सोडावा. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते.

कपलिंग बदलण्याची वेळ फक्त पहिल्या चाचणीत, म्हणजे बूच लावलेले असताना गळती दिसली तरच येते, आणि तेव्हाही सिंक ओट्यातून काढावे लागत नाही. कपलिंगला खालून आवळून धरणारी मोठी चेकनट सोडवली की कपलिंग वरून निघते. जुना रबर व चिकटलेला थर साफ करून नवा वॉशर घालावा, वरच्या कडेखाली सिलिकॉन सीलंट लावावा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत सिंक कोरडे ठेवावे.

प्रश्न : आमच्या सिंकखाली पाणी दिसत नाही, परंतु खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला डाग पडला आहे. खर्च सोसायटीने करावा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पाईपच्या खालच्या टोकाभोवतीचा जोड किंवा त्याखालचा नहाणी ट्रॅप (सांडपाणी जेथून निचऱ्याच्या नळात जाते तो जमिनीतील वाकडा भाग) यांची शक्यता आधी तपासावी. दोन दिवस सिंक बंद ठेवून डागाची ओल कमी होते का, ते शेजाऱ्यांना पाहण्यास सांगावे. ओल सुकण्यास वेळ लागतो, म्हणून एका दिवसात निष्कर्ष काढू नये. खर्चाबाबत सांगायचे, तर महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सिंक, शौचालय इत्यादींमुळे होणाऱ्या सदनिकेच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती संबंधित सदस्याने स्वखर्चाने करावयाची असते. गळती इमारतीच्या सामाईक उभ्या पाईपमधून होत असल्याचे आढळले, तर मात्र सोसायटीकडे लेखी अर्ज करावा आणि त्यासोबत डागाची तारखेसह छायाचित्रे जोडावीत.