काथ्या सिमेंटमध्ये मिसळण्यापूर्वी

प्रश्न : कुळागरातल्या नारळाच्या सोडणांचा काथ्या सिमेंटमध्ये मिसळून आम्ही छतासाठी हलके फलक केले, परंतु सिमेंट लवकर घट्ट होत नाही आणि धागे ओढताच सुटून येतात. उपाय काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन्ही अडचणींचे मूळ धाग्यांवरच्या द्रव्यांत आहे. सोडणातील साखर व टॅनिन (तांबूस रंगाचे तुरट द्रव्य) सिमेंटची घट्ट होण्याची क्रिया लांबवतात, तर मेणचट थरामुळे सिमेंटची पकड बसत नाही. म्हणून तांबूस रंग उतरणे थांबेपर्यंत, पाणी बदलत, काथ्या भिजवावा. नंतर तो कॉस्टिक सोड्याच्या सुमारे ५ टक्के द्रावणात काही तास ठेवावा. त्याने मेण आणि काही हेमिसेल्युलोज (धाग्यातील सहज विरघळणारा घटक) निघून जाते, धाग्यावरचे बारीक खळगे उघडे पडतात आणि तो बोटांना खरखरीत लागतो. द्रावण अधिक तीव्र केल्यास मात्र धागाच कमजोर होतो. सोडा नेहमी पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये. हातमोजे व चष्मा अनिवार्य समजावा. लिटमस कागद उदासीन दाखवीपर्यंत धागे धुवावेत, आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा माडा-पोफळींच्या मुळांशी मुळीच सोडू नये.

टिकाऊपणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. सिमेंटमधील अल्कली काथ्यातील लिग्निन (धाग्याला ताठपणा देणारा घटक) हळूहळू विरघळवते आणि गोव्याच्या पावसाळी दमटपणात हे अधिक घडते. सिमेंटचा काही भाग फ्लाय अॅशने (औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाच्या बारीक राखेने) बदलल्यास ही अल्कली वाढवणारा मुक्त चुना घटतो व धागे अधिक काळ टिकतात. तरीही असे फलक भार पेलणाऱ्या जागी वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.