भाड्याच्या गाळ्यात ठेवलेलं घर

"आम्ही मोठ्या शहरातून छोट्या गावात राहायला आलो. नवं घर लहान, म्हणून निम्मं सामान स्टोरेज युनिट भाड्याने घेऊन त्यात ठेवलं. 'दोन-तीन महिन्यांत मार्गी लावू' म्हणता म्हणता सात महिने झाले. भाडं चालूच आहे, सामान पडून आहे आणि माझं मन इथे काही केल्या लागत नाही. आमचा निर्णय चुकला का?"

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे बऱ्याचदा येतो. कुणी बदलीमुळे आलेलं असतं, कुणी निवृत्तीनंतर, कुणी वयस्कर आईवडिलांसाठी. इथे सांगते आहे ती हकीकत एका बाईंची आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई पन्नाशीच्या. नवऱ्याने नोकरीचं क्षेत्रच बदललं, म्हणून हे स्थलांतर. पहिल्या भेटीत त्या जवळजवळ पूर्ण वेळ सामानाबद्दलच बोलल्या. युनिटचं भाडं, शटरचं कुलूप, आत ओल येत असेल का, कपाटाचा आरसा फुटला तर नसेल ना. मी त्यांना बोलू दिलं. "सामानाचं काय घेऊन बसलीस" हे त्यांनी घरी पुष्कळ ऐकलं होतं, ते माझ्याकडून पुन्हा ऐकायची गरज नव्हती. शिवाय मन लागत नाही हे सांगायला शब्द सापडत नाहीत, खोक्यांबद्दल मात्र माणूस तासभर बोलू शकतो. तिथूनच सुरुवात केलेली बरी.

त्यांचा स्वतःवर एक राग होता. "घरच तर बदललंय. लोकांवर काय काय प्रसंग येतात आणि मी खोक्यांसाठी रडते." यावर मी त्यांना एक जुनी यादी दाखवली. होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 घडामोडींना ताणानुसार गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला 100, घटस्फोटाला 73. घर बदलण्याला फक्त 20. बाई म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मग आम्ही त्याच यादीत खाली खाली उतरत गेलो. राहणीमानात बदल 25. लोकांत मिसळण्यात बदल 18. कुटुंबाच्या गाठीभेटी कमी-जास्त होणं 15. झोपेच्या सवयी बदलणं 16. बेरीज 94 झाली, आणि नवऱ्याच्या नव्या नोकरीची ओढाताण त्यात धरलेलीच नाही. ही मोजपट्टी ढोबळ आहे, माणसागणिक फरक पडतो, मी तिचा उपयोग निदानासाठी करत नाही. पण घर बदलणं एकटं येत नाही, एवढं त्या कागदावरून बाईंना दिसलं आणि स्वतःला दूषणं देणं जरा थांबलं.

पुढच्या वेळी मी त्यांना युनिटमधल्या सामानाची यादी आणायला सांगितली. ती त्यांच्याकडे तयारच होती, अगदी सुवाच्य अक्षरात. मात्र ती सगळी जुन्या घराच्या खोल्यांप्रमाणे होती. 'हॉल, खिडकीजवळचं.' 'पाहुण्यांची खोली, वरचा कप्पा.' 'गॅलरी.' नव्या घरात यातलं काहीच नाही. पाहुण्यांची खोली नाही, गॅलरी नाही. म्हणजे खोकी उघडायची वेळ आली की दरवेळी आधी जुनं घर डोळ्यांसमोर उभं करायचं आणि मग त्यातली वस्तू इथे कुठे मावते ते शोधायचं. ती मावत नाही, खोकं परत बंद. सात महिने हेच चाललं होतं.

मी म्हटलं, "हीच यादी पुन्हा लिहू या. खोली कुठली ते नको. ही वस्तू कुणासाठी होती, तेवढंच प्रत्येकीपुढे लिहा."

त्यांनी लिहून आणलं तेव्हा त्या स्वतःच चकित झाल्या होत्या. जास्तीच्या गाद्या, घडीच्या खुर्च्या, मोठी भांडी, वाढवता येणारं टेबल, चादरींचे संच: निम्म्याहून जास्त ओळींपुढे एकच उत्तर होतं, 'येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी'. जुन्या घरी सतत कुणी ना कुणी असायचं. मैत्रिणी, नात्यातली मुलं, कामावरचे लोक. त्या घराचा दरवाजा कधी पुरता बंद नसे, असं त्या म्हणाल्या. इथे सात महिन्यांत पाण्याची टाकी दुरुस्त करणाऱ्याखेरीज कुणी आत येऊन बसलं नव्हतं.

तेव्हा त्या वस्तू विकायच्या की ठेवायच्या, हा प्रश्न वरवरचाच होता. खुर्च्या विकल्या तर आता कुणी येणार नाही हे कबूल करावं लागतं. घरी आणल्या तर त्या रिकाम्या दिसत राहतात. गाळ्यात ठेवल्या की दोन्ही टळतं, आणि त्यासाठी दरमहा भाडं भरायला माणूस तयार होतो. मला यात वेडेपणा दिसत नाही.

'जुनं काढून टाका, मन हलकं होईल' या सरसकट सल्ल्याचा मला मनापासून कंटाळा आहे. हातातल्या वस्तूची किंमत माणसाला जास्तच वाटते. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले. नुकताच हातात आलेला मग विकायला त्यांनी जी किंमत मागितली, ती घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगची ही कथा, तर वीस वर्षं वापरलेल्या टेबलाचं काय? बाईंच्या यजमानांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "आम्ही नुसतं भाडं फेकतोय" हा त्यांचा मुद्दा मात्र खराच होता आणि मी तो बाजूला सारला नाही.

म्हणून आम्ही थोडा व्यवहार बोललो. युनिट घेणं चूक नव्हतं. नव्या जागी पाय रोवण्याआधी घाईघाईने सामान विकणाऱ्यांना नंतर तीच वस्तू दामदुप्पट भावाने विकत घेताना मी पाहिलं आहे. अडचण होती ती मुदत न ठरवल्याची. महिन्यामागून महिना आपोआप पुढे सरकणाऱ्या करारात निर्णय घ्यायची वेळ कधीच येत नाही. मी दोघांना करार काढून वाचायला सांगितला: सोडायचं असेल तर किती दिवस आधी कळवायचं, भाडं कधी वाढतं, विमा सामानाचा आहे की फक्त इमारतीचा, मधेच लहान युनिट मिळतं का. यजमानांनी तोवर करार उघडलाही नव्हता. लहान युनिटची सोय होती.

सामानाची विचारपूसही मी केलीच. गाद्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून जमिनीवर आडव्या ठेवल्या होत्या. आत दमट हवा कोंडली की बुरशी धरते, म्हणून त्या फळीवर उचलून श्वास घेईल अशा कापडात ठेवायला सांगितल्या. फ्रिजचं दार लावलेलं होतं, ते फटीएवढं उघडं ठेवायचं, नाहीतर कुबट वास बसतो. रिमोट आणि घड्याळांतले सेल काढायचे. कागदपत्रांची फाइलही आतच होती. ती त्याच आठवड्यात घरी आणा म्हटलं. समुपदेशकाने फ्रिजच्या दाराबद्दल बोलावं का, असं कुणी विचारेल. पण रात्री दोन वाजता ज्या काळजीने जाग येते ती काळजी पाच मिनिटांच्या कामाने मिटत असेल, तर आधी ते काम करावं आणि मग मनाकडे वळावं.

मनाकडे वळलो तेव्हा गावाचा विषय निघाला. "इथे ओळखतात सगळे, ओळख कुणाशीच नाही," असं त्या म्हणाल्या. दुकानात गेलं की "नवीन राहायला आलात ना तुम्ही?" रस्त्यात भेटलं की घरात कोण कोण, किती दिवस राहणार. शहरात कुणी काही विचारत नसे आणि ते त्यांना सोयीचं होतं. इथल्या चौकशा त्यांना झडतीसारख्या वाटत. म्हणून त्या बाजाराला जायच्या वेळा बदलायच्या, गर्दी नसताना जायच्या. मग ओळख होणार कशी?

जेफ्री हॉल या संशोधकाने 2018 साली लोकांना विचारून एक हिशेब मांडला. नुसत्या परिचयातून साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकमेकांच्या सोबत जावे लागतात, जिवलग मैत्रीला 200 हून जास्त. हे तास कामाच्या टेबलावर शेजारी बसून नव्हे, गप्पा, हसणं, एकत्र वेळ घालवण्यात गेलेले. मी बाईंना म्हटलं, आठवड्यातून एक तास जरी कुणासोबत घालवलात तरी साध्या मैत्रीला वर्ष लागेल. तुम्ही सात महिन्यांत स्वतःला नापास करून मोकळ्या झालात, आणि त्यातले तास जमा किती? त्यांनी मनाशी मोजलं आणि म्हणाल्या, "एकही नाही. मी वाट बघत होते कुणी येईल म्हणून."

वीस वर्षं घर भरलेलं असलेल्या माणसाला दार ठोठावायची सवय राहत नाही. लोकच येतात. छोट्या गावात लोकांची मंडळं आधीच जमलेली असतात आणि ती नव्या माणसाला टाळतात असं नाही, त्यांना ती उणीवच जाणवत नाही. सुरुवात नव्या माणसानेच करावी लागते. हे अन्यायाचं वाटतं, पण तसंच आहे. त्यातही मी घनिष्ठ मैत्रीच्या मागे लागू नका म्हणते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच दाखवलं होतं की नवी माहिती आणि नोकरीच्या संधी बहुधा जुजबी ओळखीच्या लोकांकडून येतात. चांगला डॉक्टर कोण, प्लंबर वेळेवर कुठला येतो, वाचनालय कधी उघडतं, हे सांगणारी माणसं आधी जोडावीत. त्यासाठी त्या चौकश्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि उलट एक प्रश्न विचारावा लागतो.

एक खबरदारी मी सगळ्यांच्याच बाबतीत घेते. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर त्याला 'जागा नवी आहे' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं. आणि जगणंच नको वाटण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. बाईंची झोप मधूनमधून उडत होती, पण वाचनात आणि झाडांत मन रमत होतं. तरी ते मी दर भेटीत विचारत राहिले.

घरी आणायची पहिली वस्तू त्यांनीच निवडली, चार घडीच्या खुर्च्या. सगळ्या नाहीत, चार. त्या भिंतीला टेकवून ठेवल्या, कुणी येईल तेव्हा उघडायच्या. वाचनालयात त्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जायला लागल्या, गर्दीच्याच वेळी. तिथे भेटणाऱ्या दोघीजणी एका संध्याकाळी पुस्तक परत करायच्या निमित्ताने घरी आल्या. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यातला निम्मा वेळ घर किती पसरलेलं होतं याच्या तक्रारीत गेला.

सामानाचा निकाल सरळ रेषेत लागला नाही. मोठं टेबल विकायला काढलं, गिऱ्हाईक आलं आणि बाईंनी ऐनवेळी नाही म्हटलं. गाद्यांपैकी दोन ठेवल्या, बाकीच्या देऊन टाकल्या. 'सगळं विकून टाक' म्हणणाऱ्या यजमानांच्या जुन्या मासिकांची खोकी सर्वांत शेवटपर्यंत कुणी हलवली नाहीत, आणि त्यावरून दोघांत जे भांडण झालं ते माझ्यासमोरच झालं. त्या भांडणात पहिल्यांदाच यजमान म्हणाले की नवी नोकरी त्यांनाही जड जाते आहे. आमच्या पुढच्या भेटी दोघांच्या मिळून झाल्या.

सध्या त्यांच्याकडे लहान युनिट आहे, सहा महिन्यांच्या मुदतीचं, आणि मुदत संपायची तारीख दोघांच्याही फोनमध्ये घातलेली आहे. टेबल अजून आत आहे. त्या तारखेपर्यंत घरात त्याला जागा झाली नाही तर ते विकायचं, असं ठरलं आहे.