वजनाचं इंजेक्शन: नव्या मधुमेहींचे प्रश्न

प्रश्न: वय ३९, उंची ५ फूट ७ इंच, वजन ९६ किलो. कंपनीच्या तपासणीत साखर निघाली, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९. मेटफॉर्मिन सुरू केली आहे. मित्र म्हणतो, आठवड्याचं इंजेक्शन घे, साखर-वजन दोन्ही उतरेल. घेऊ का? (मनीषनगर)

मित्र अगदीच चुकीचं सांगत नाहीये. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३३ आहे आणि आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. त्यात मधुमेह नवा आहे. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी दमल्यात, पण अजून बऱ्याच शाबूत असतात. म्हणून आज उतरवलेल्या वजनाचा जो फायदा मिळतो, तो दहा वर्षांनी तेवढा मिळत नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात मधुमेहाला सहा वर्षं झाली नव्हती अशा लोकांना सुरुवातीचे काही महिने रोज साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं होतं. वर्षभरानंतर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय ताब्यात होती. १५ किलो किंवा जास्त वजन उतरलेल्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के. तिथे इंजेक्शन नव्हतंच, हेही ध्यानात घ्या. (हा आहार घरच्या घरी करून पाहू नका, तो देखरेखीखाली होता.)

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही आठवड्याच्या इंजेक्शनातली औषधं भूक मारतात, पोट सावकाश रिकामं करतात आणि साखर वाढली की इन्सुलिन वाढवतात. मधुमेह नसलेल्यांपेक्षा मधुमेहींचं वजन यांनी कमी उतरतं: मोठ्या डोसवर सेमाग्लुटाइडने सरासरी ९-१० टक्के, टिर्झेपाटाइडने साधारण १५. तुमच्या बाबतीत मी इंजेक्शनचा विचार नक्की करेन. पण आधी डोळ्यांचा पडदा आणि किडनी तपासून घ्या. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. डोस अगदी लहान सुरू होतो आणि महिन्या-महिन्याने वाढवतात. 'लवकर फरक पडावा' म्हणून उडी मारली की उलट्यांनी हैराण व्हाल.

प्रश्न: यांना सहा महिन्यांपूर्वी ग्लिमेपिराइड सुरू झाली, तेव्हापासून वजन तीन किलोने वाढलं. मी तर जेवण कमीच वाढते. (सक्करदरा)

ताई, तुमच्या वाढण्याला दोष देऊ नका. ही गोळी वजन वाढवू शकते. साखर उतरली की भूकही लागते. डॉक्टरांना सरळ विचारा, त्याऐवजी डापाग्लिफ्लोझिनची गोळी चालेल का? ती स्वस्त आहे आणि वजन दोन-तीन किलो उतरवते. लघवीच्या जागी खाज-जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून स्वच्छता आणि पाणी सांभाळा. उद्या इंजेक्शन सुरू झालंच, तर ग्लिमेपिराइडचा डोस त्याच वेळी कमी करायला लागतो, नाहीतर साखर एकदम खाली जाईल. गोळ्या मनाने मात्र बंद करू नका.

प्रश्न: मे महिन्यात इंजेक्शनचं पेन कसं सांभाळायचं?

नागपुरात हा प्रश्न डोसइतकाच महत्त्वाचा! न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, फ्रीझरच्या कप्प्याला चिकटवून नको. गोठलेलं पेन फेकायचं. वापरातलं पेन ३० अंशांच्या खाली ठरावीक दिवस चालतं, ते दिवस माहितीपत्रकात बघा. पारा ४५ वर असताना कूलरच्या खोलीतही ३०च्या खाली राहणं कठीण, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर पेन गेलंच समजा. मेडिकलवाल्याकडूनही फ्रिजमधूनच काढून घ्या, घरी बर्फाच्या पिशवीत आणा, पण बर्फाला थेट टेकवू नका.

प्रश्न: किती दिवस घ्यायचं? सोडल्यावर वजन परत येतं म्हणतात.

येतं. मधुमेह नसलेल्या लठ्ठ लोकांच्या अभ्यासात सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. त्यामुळे 'लग्नापर्यंत घेतो' असं म्हणणाऱ्याला मी लिहून देत नाही. घेताना चरबीसोबत स्नायूही झडतात. रोज डाळ, दही, अंडी आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच. अंबाझरी तलावाला फेरी मारणं चांगलं, पण तेवढ्याने भागत नाही.

प्रश्न: तर्री-पोहे बंद का?

इंजेक्शन सुरू झाल्यावर पहिले दोन महिने तर्री बंदच. पोट सावकाश रिकामं होत असताना तेलकट तर्री तिथेच बसून राहते, मग दिवसभर मळमळ. पुढे अर्धी प्लेट घ्या, चणे जास्त, तर्री चमचाभर, आणि वर शेव मागू नका.