क्रूझवर नोकरी लावून द्यायला एजंट अडीच लाख मागतोय. जावं का? आतलं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की हॉटेल मॅनेजमेंट झालंय, हिंजवडीतल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला आहात, डेक्कनवरचा एक एजंट अडीच लाखांत क्रूझवर लावून देतो म्हणतोय आणि आई नको म्हणतेय. मी कोथरूडचा. कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातल्या बोटींवर हाउसकीपिंगमध्येच बरीच वर्षं काढली, आता पुण्यातच असतो. आधी पैशांचं सांगतो, कारण ते तातडीचं आहे.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. बोटीवर काम करणाऱ्यांसाठी मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन 2006 नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. वेटर, कुक, केबिन अटेंडंट हे सगळे त्यात सीफेअररच, म्हणजे खलाशीच, धरले जातात. नोकरी मिळवून देण्याची फी उमेदवाराकडून घ्यायची नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तुमच्या खिशातून जायचं ते पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) आणि मेडिकल सर्टिफिकेटचं. व्हिसाचा खर्चसुद्धा बोटमालकाने करायचा असतो. आग विझवणं, पाण्यात जीव वाचवणं, प्रथमोपचार वगैरे एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातले, कोर्स करावे लागतात, त्यांची फी वेगळी. ती डीजी शिपिंगची (जहाज वाहतुकीवर देखरेख करणारं केंद्र सरकारचं खातं) मान्यता असलेल्या संस्थेत स्वतः जाऊन भरा आणि पावती घ्या. भारतात अशी भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल, म्हणजे खलाशांची भरती करण्याचं, लायसन्स असावं लागतं. त्याचा नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवरच्या यादीशी ताडून बघा. यादीत नाव नसेल तर विषय तिथेच संपला. नाव असूनही नोकरी लावायचे पैसे मागत असेल तर तो सरळ नियम मोडतोय, आणि त्याची तक्रार डीजी शिपिंगकडेच करता येते.

मी इतक्या पोटतिडकीने सांगतोय, कारण कर्ज काढून आलेली पोरं मी जवळून पाहिलीत. पहिल्या काँट्रॅक्टचा पगार जवळजवळ सगळा हप्त्यांत जातो. असा मुलगा अंगात ताप असला तरी दवाखान्यात जात नाही. सुपरवायझरने हक्काची विश्रांती कापली तरी गप्प बसतो, कारण घरी पाठवलं तर हप्ते कोण भरणार? बोटीवर ताठ मानेने राहायचं असेल तर डोक्यावर कर्ज घेऊन चढू नका.

आता आतलं आयुष्य. प्रवाशांना दिसते ती गालिचे, झुंबरं, स्विमिंग पूलवाली बोट. आपली बोट त्याच्या खाली. बहुतेक मोठ्या बोटींवर खालच्या डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक रुंद पॅसेज असतो, त्याला सगळे आय-95 म्हणतात. अमेरिकेतल्या हायवेचं नाव आहे ते. चादरींच्या ट्रॉल्या, भाजीची खोकी, बॅगांचे पिंजरे, ड्यूटीवर पळणारी माणसं, सगळं तिथूनच जातं. हाउसकीपिंगवाल्याची खोली साधारण दोघांत एक असते: एकावर एक बंक, त्याला पडदा, एवढुसं बाथरूम, खिडकी नाही. दिवस आहे की रात्र ते घड्याळावरून कळतं. रूममेट बरा मिळाला तर अर्धी लढाई जिंकलात.

काम आठवड्याचे सातही दिवस. काँट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं, त्यात साप्ताहिक सुट्टी नाही. पंधरा-सतरा केबिन आपल्या वाट्याला येतात, सकाळी एकदा आणि बऱ्याच बोटींवर संध्याकाळी पुन्हा. सगळ्यात अवघड टर्नअराउंडचा दिवस. जुने प्रवासी सकाळी उतरतात आणि नवे दुपारी दारात उभे. मधल्या चार तासांत सगळ्या केबिन नव्यासारख्या करायच्या. चादरी ओढून पोत्यात, बाथरूम घासून कोरडं, तिजोरी उघडून रिकामी आहे ना ते बघायचं, कपाटातली लाइफ जॅकेटं मोजायची आणि शेवटी गुडघ्यावर बसून पलंगाखाली टॉर्च मारायचा. तिथे कुणाचा चार्जर, कुणाच्या लेकराचा मोजा हमखास सापडतो. पाठ भरून येते. हॉटेलात तुम्ही हेच काम करता, पण तिथे शिफ्ट संपली की घरी जाता.

आणखी एक गोष्ट मुलाखतीत कुणी सांगत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर बऱ्याच बोटी कॅरिबियनमधून युरोपकडे जातात. अटलांटिक पूर्वेला ओलांडताना पाच-सहा रात्री घड्याळ एकेक तास पुढे सरकतं. तो तास आपल्या झोपेतून जातो, सकाळची ड्यूटी मात्र त्याच वेळेला. त्या दिवसांत जागरण करू नका, गप्पांचा कितीही मोह झाला तरी.

विश्रांतीचा नियम पाठ करून ठेवा: 24 तासांत किमान 10 तास आणि 7 दिवसांत किमान 77 तास. ते 10 तास जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक सलग 6 तासांचा. तुमचे तास रोज नोंदले जातात आणि बंदरात येणारे निरीक्षक ती नोंद तपासू शकतात. ‘पंच आउट कर आणि उरलेलं उरकून घे’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. खोट्या नोंदीवर नंतर तुमच्याच बाजूने बोलायला काही उरत नाही.

ड्रिलचा, म्हणजे संकटकाळच्या सरावाचा, मात्र कंटाळा करू नका. प्रवासी बोटींवर दर आठवड्याला ड्रिल होतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की प्रत्येकाची जागा ठरलेली. आज टॉवेल घडी करणारा माणूस त्या वेळी जिन्यात उभा राहून शेकडो लोकांना वाट दाखवत असतो. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया नावाची क्रूझ बोट आडवी झाली, 32 माणसं गेली. मला या नोकरीचा मान वाटतो तो या जबाबदारीसाठी.

जेवणाची काळजी नको. भारतीय पोरं भरपूर असतात, त्यामुळे क्रू मेसमध्ये भात-डाळ बहुतेक मिळते. चहाचं सामान तेवढं न्या. अंतर खरं जाणवतं ते सणाला. गणपतीत घरी रात्री आठला आरती सुरू होते तेव्हा मायामीत सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, ऐन केबिनच्या घाईची वेळ. फोन लावायचा तो रात्री ड्यूटी संपल्यावर, तेव्हा पुण्यात सकाळ असते.

पैसे साठतात, कारण राहणं-खाणं कंपनीचं. पण हाउसकीपिंगमध्ये बहुतेकांना दोन काँट्रॅक्टच्या मधल्या सुट्टीचा पगार मिळत नाही. महिन्याचा आकडा गुणिले बारा असा हिशोब घरी सांगू नका.

तुमची तब्येत चांगली असेल, चिडल्यावरही चेहरा शांत ठेवता येत असेल आणि घरी सध्या कुणी आजारी नसेल, तर जरूर जा. चार-पाच वर्षांचं ध्येय ठरवून जा. आईंना काँट्रॅक्ट वाचून दाखवा. पगार, कामाचे तास, काँट्रॅक्टची मुदत आणि कंपनीच्या खर्चाने परत घरी आणण्याचं कलम त्यात असावंच लागतं, आणि सहीची एक प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. त्या डेक्कनवरच्या ऑफिसात तुमचा मूळ पासपोर्ट ‘व्हेरिफिकेशन’साठी ठेवलेला असेल, तर उद्याच जाऊन परत घ्या.