'ट्रिस्केलियन'चा अर्थ आणि उगम काय? मराठीत त्याला 'त्रिशूळ' म्हणता येईल का?

त्रिशूळ मुळीच म्हणू नये. हे आधी सांगण्याचे कारण असे की, या एका शब्दापायी नाशिकच्या तांबट आळीतल्या आमच्या दुकानात मोठे भांडण झालेले आहे.

काही वर्षांपूर्वी एक तरुण मोबाइलवर या आकृतीचे चित्र घेऊन आला आणि त्याने तसे पितळी पेंडंट करून मागितले. मध्यातून निघालेले तीन वळसे, तिन्ही एकाच दिशेला फिरलेले. माझ्या थोरल्या बंधूंनी चित्राकडे ओझरते पाहिले आणि वहीत लिहिले, "वाकडा त्रिशूळ, एक नग." कारागिराने वही वाचली, चित्र मागितलेच नाही, आणि दांडा वाकवलेला एक लखलखीत त्रिशूळ घडवून दिला. तरुणाने तो हातातही घेतला नाही. तो अजून गल्ल्यामागच्या खिळ्याला लटकतो आहे आणि तीन फाटे म्हणजे त्रिशूळच, बाकी सगळे माझे शब्दांचे खूळ, असे बंधूंचे आजही म्हणणे आहे.

शूळ म्हणजे भोसकण्याचे टोक. त्रिशूळाची तिन्ही टोके एका दांड्यावर उभी असतात. ट्रिस्केलियनला दांडाच नसतो. मूळ शब्द ग्रीक असून त्यातला 'त्रि' म्हणजे तीन आणि 'स्केलोस' म्हणजे पाय; हा 'त्रि' आणि आपला 'त्रि' एकाच मुळातले आहेत. आइल ऑफ मॅनच्या ध्वजावर तर गुडघ्यात दुमडलेले, चिलखत घातलेले तीन पायच आहेत आणि 'कसेही फेका, उभेच राहील' अशा अर्थाचे त्या बेटाचे ब्रीद आहे. शंखाच्या तीन पायांच्या अडण्या जन्मभर विकलेल्या माणसाला हे कळायला हरकत नव्हती.

मराठीत 'त्रिपाद' म्हणावे. असे कोणी बोलत नाही, हा बंधूंचा आक्षेप. पण ज्या टीपॉयवर ते रोज चहाचा कप ठेवतात, तो शब्द म्हणजे आपली 'तिपाई'च आहे, इंग्रजांनी नेलेली आणि चहाशी नाते जोडून परत पाठवलेली. (आमच्या टीपॉयला चार पाय आहेत, ते सोडा.)

मात्र आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज येथे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या दगडावर जी आकृती कोरलेली आहे, तिच्यात पाय नाहीत, एकमेकांत गुंतलेली वेटोळी आहेत. तिला 'तिहेरी वेटोळे' म्हणणेच बरे. त्या तरुणाचे चित्रही खरे तर याच जातीचे होते, पण हे मी बंधूंना अद्याप सांगितलेले नाही.